गुप्त बातमीदारामार्फत

सकाळी ७.५०

डोंबिवलीची फास्ट लोकल. खिडकी मिळत नाही, मिळेल अशी आशाही नसते. एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर बाकीच्यांचे पेपर चाळायचे. क्राइम रिपोर्टरचा दिवस काल दुसऱ्यांनी काय छापलं आणि आपलं काय सुटलं, इथूनच सुरू होतो.

कुठलंही मराठी दैनिक उघडा, गुन्हेगारीच्या बातमीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक वाक्य हमखास भेटतं : ‘मिळालेल्या गुप्त माहितीच्या आधारे पोलिसांनी सापळा रचून आरोपीला ताब्यात घेतले.’ आज चार पेपरांत मिळून सहा वेळा भेटलं. पत्रकारितेच्या वर्गावर कधी बोलायला गेलो की मुलं या वाक्याची टिंगल करतात. माहिती कुणी दिली? का दिली? सापळा म्हणजे नेमकं काय केलं? सगळीच बोंब. त्यांचं म्हणणं चूक नाही. इतकं निर्जीव वाक्य मराठी पत्रकारितेत दुसरं नसेल. मी मात्र ते हट्टाने लिहीत आलो आहे.

सकाळी ९.३०

फोन. आधी नियंत्रण कक्ष, मग अग्निशमन दल, मग ओळखीची पोलीस ठाणी. ‘काही विशेष?’ ‘काही नाही साहेब, शांतता.’ ही शांतता निम्म्या वेळा खोटी असते. त्यानंतर ज्यांच्या भरवशावर हा धंदा चालतो, ते फोन.

या लोकांची खरी नावं मी फोनमध्ये ठेवत नाही. फोन हरवतो, चोरीला जातो, कधी जप्तही होतो. म्हणून माझ्या यादीत एक ‘दूधवाला’ आहे, एक ‘मंडप डेकोरेटर’, एक ‘गॅस एजन्सी’. दूधवाल्याने आयुष्यात दूध विकलेलं नाही.

यातला कोण किती भरवशाचा, याची मोजपट्टी गल्लीच देते. विश्वासू माणसाला मुंबईच्या गल्लीत फार शब्द नाहीत. ‘आपला माणूस’ म्हणतात, फार तर ‘पक्का’ म्हणतात, तिथे विषय संपतो. बेभरवशाच्या माणसांची मात्र उतरंड रचून ठेवलेली आहे. सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, बोलबच्चन. हा सगळ्या भाईंना ओळखतो, सगळ्या साहेबांबरोबर चहा पितो, आणि त्याच्याकडे खबर एकही नसते. दुसरा गोळी देणारा. बंदुकीशी या गोळीचा संबंध नाही, ती थापेची गोळी. तिसरा झोलर : खबर खरी असते, पण मधल्यामध्ये स्वतःचं काहीतरी शिजवलेलं असतं. टोपी घालणारा आणि चुना लावणारा तर पांढरपेशा मराठीतही आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही हे शब्द लागू पडतात.

इथून पुढे शब्दांना वजन येतं. ‘कल्टी मारली’ म्हणजे ऐनवेळी निसटला, सटकला. ‘पलटी मारली’ म्हणजे बाजू बदलली. बाहेरच्याला दोन्ही सारखेच वाटतील, पण कल्टी मारणाऱ्याला मार बसतो आणि पलटी मारणाऱ्याची ‘गेम’ होते, म्हणजे जीवच जातो. ‘फुटला’ हा त्यातल्या त्यात दयेचा शब्द. कोठडीत मार खाऊन बोलला त्याला फुटला म्हणतात. शिव्या देतात, पण मनातून प्रत्येकाला ठाऊक असतं की आपणही तिथे असतो तर किती तास टिकलो असतो. आणि ‘डबल ढोलकी’. इकडूनही वाजते, तिकडूनही वाजते. टोळीचं पोलिसांना सांगायचं, पोलिसांचं टोळीला सांगायचं, आणि दोघांकडून चहापाणी घ्यायचं.

गंमत म्हणजे ‘खबरी’ ही मूळची शिवी नाही. पोलीस तो शब्द आपल्या हत्याराबद्दल बोलावं तसा, जरा अभिमानानेच उच्चारतात : ‘माझा खबरी आहे त्या एरियात.’ तोच शब्द चाळीच्या जिन्यात कुणी कुणाबद्दल हळू आवाजात काढला, की त्या घरातल्या मुलाची शाळा बदलते.

सकाळी ११.१५

उपनगरातल्या एका उपायुक्तांच्या कार्यालयात पत्रकार परिषद. टेबलावर हिरवी बनात, तिच्यावर दोन पिस्तुलं, मॅगझिन आणि ओळीने मांडलेली काडतुसं. मागे बुरखा घातलेले तीन आरोपी, त्यांच्या शेजारी छाती काढून उभं असलेलं पथक. कॅमेरावाल्यांना काडतुसं जरा तिरकी हवी असतात. एक शिपाई ती दोनदा सरळ करतो.

गल्लीच्या भाषेत पिस्तूल म्हणजे ‘घोडा’ किंवा नुसतं ‘सामान’, लाख म्हणजे ‘पेटी’, कोटी म्हणजे ‘खोका’. प्रेसनोटच्या भाषेत तेच ‘अग्निशस्त्र’ आणि ‘मुद्देमाल’ होतं. प्रेसनोटचा दुसरा परिच्छेद मी न वाचताही सांगू शकतो : ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली की...’

पोलिसी मराठीत खबऱ्याला बातमीदार म्हणतात. फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र, सगळीकडे. आमच्या पेपरात माझ्या हुद्द्यालाही बातमीदार म्हणतात. नवीन पोरं नोकरीला लागली की या योगायोगावर हसतात. जरा मुरली की हसत नाहीत. लोकांच्या आतल्या गोष्टी बाहेर नेऊन देणं हा आमचाही धंदा आहे. फरक इतकाच की आमचं नाव बातमीच्या वर छापतात, आणि त्याचं नाव कुठेच येऊ नये याची तजवीज कायद्याने केली आहे.

ती तजवीज जुनी आहे. १८७२च्या पुरावा अधिनियमाचं कलम १२५. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायला दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. १ जुलै २०२४पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमाचा आकडा बदलून १३१ झाला, आशय तोच राहिला. आरोपीच्या वकिलाने कितीही खोदून विचारलं, तरी साक्षीला उभा असलेला फौजदार खबऱ्याचं नाव न सांगण्याचा हक्क बजावू शकतो.

कायदा कोर्टापुरता. चहाच्या कपापाशी तो लागू नाही. औपचारिक भाग आटोपला, कॅमेरे गेले, आणि एक अधिकारी खुशीत येऊन आम्हा पाच-सहा जणांना म्हणाले, ‘ऑफ द रेकॉर्ड सांगतो, यांचाच एक जुना माणूस आमच्याकडे चालत आला.’ माझ्या शेजारच्या पोराने वहीत ते टिपलंसुद्धा. जुना माणूस. त्या टोळीत जुने आणि सध्या बाहेर असलेले असे किती असतील? तीन? चार?

दुपारी १२.३०

आवाराबाहेरच्या टपरीवर मेजर भेटले. हवालदारांना आपसात मेजर म्हणायची पद्धत आहे, आम्हीही म्हणतो. निवृत्तीला आलेले, गुन्हे शाखेत उमेदवारी केलेले गृहस्थ. कटिंग दोन घोटांत संपवतात आणि पुढचा अर्धा तास रिकामा ग्लास हातात धरून बोलतात.

‘आमच्या टायमाला खबरी पाळावा लागायचा,’ मेजर म्हणाले. ‘त्याच्या पोरीच्या लग्नाला जायचं. त्याला बारीकसारीक केसमध्ये सांभाळायचं. आता काय, मोबाइलचं लोकेशन काढतात आणि म्हणतात गुप्त माहिती. टॉवर काय माहिती देतो? टॉवर सांगतो माणूस कुठंय. त्याच्या पोटात काय चाललंय ते खबरीच सांगणार.’

पोलिसांच्या बोलीत खबऱ्याला ‘झिरो’ असंही म्हणतात. कागदावर ज्याची किंमत शून्य, असा माणूस. पैसे गुप्त सेवा निधीतून द्यायचे असतात, पण ती रक्कम तुटपुंजी, आणि हाताखालच्या लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत आणखी बारीक होते, असं मेजरांचं गाऱ्हाणं. खरे पैसे कस्टममध्ये. जप्त मालाच्या विक्रीतून खबऱ्याला वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची तरतूद तिथे आहे. सोन्याच्या स्मगलिंगच्या दिवसांत बंदरावरची कित्येक वैरं या बक्षिसावर पोसली गेली. माल उतरवणारा आणि मालाची टीप देणारा एकाच गल्लीतले, कधी एकाच घरातलेही.

पोलीस आणि टोळी यांची बोली एकच आहे, याचं मला कधी नवल वाटलं नाही. ‘फिल्डिंग लावली’ हे शूटरही म्हणतो आणि सापळा लावणारा फौजदारही. टीप, गेम, सेटिंग, मांडवली, सगळे शब्द सामाईक. दोन्हीकडची माणसं त्याच चाळींतून, त्याच नाक्यांवरून आलेली. ज्याच्या नावाने ‘कंपनी’ हा शब्द जगभर गेला, त्या दाऊद इब्राहिमचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते.

आणि टीप हे हत्यारही आहे, ते दोन्ही बाजूंना चालवता येतं. प्रतिस्पर्ध्याला संपवायला माणूस पाठवला तर खटला, साक्षी, बदला, सगळं मागे लागतं. त्यापेक्षा त्याचा ठावठिकाणा पोलिसांना कळवलेला बरा. एकाची टीप, दुसऱ्याचा माणूस, सरकारची गोळी. ११ जानेवारी १९८२ला वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजपाशी गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. १६ नोव्हेंबर १९९१ला लोखंडवालात पोलिसांनी गँगस्टर माया डोळसला घेरलं. या दोन्ही वेळी टीप कुणाची, हा विषय टपरीवर काढून बघा. पाच माणसं पाच नावं सांगतील, आणि पाचही जण शपथेवर सांगतील.

मेजरांनी मग, आवाज खाली आणून, दुसरी बाजूही काढली. ‘गुप्त माहितीच्या मागं खबरीच लपतो असं नाय. कधी आमची माणसं पण लपतात.’ त्यांना नाव घ्यायची गरज नव्हती. ११ नोव्हेंबर २००६ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्या वर्सोव्यात चकमकीत मारला गेला, असं पोलिसांनी सांगितलं. प्रत्यक्षात त्याला वाशीतून उचलून आणून मारलं होतं. २०१३ साली सत्र न्यायालयाने पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरवलं, आणि मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची निर्दोष सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली. लखनभय्याबरोबर जो दुसरा माणूस उचलला होता, तो मुख्य साक्षीदार. २०११मध्ये साक्षीच्या तोंडावर तो बेपत्ता झाला, पुढे मृतदेहच सापडला.

म्हणजे ज्या वाक्याची मी सकाळपासून तरफदारी करतोय, त्या वाक्याखाली खबरीही झाकला जातो आणि खोटी चकमकही झाकली जाते. दोन्हींत फरक कसा करायचा? बातमीदाराने आपल्यापुरता तो शोधायचा, आणि छापताना काय उघडं ठेवायचं ते ठरवायचं. टपरीवर त्याचं उत्तर मिळत नाही.

दुपारी २.१५

दंडाधिकारी न्यायालय. पंख्याखालची जागा वकिलांची, बाकीच्यांनी भिंतीला टेकायचं. तिन्ही आरोपींना पोलीस कोठडी मिळाली. कामकाज दहा मिनिटांचंही नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये आरोपींपैकी एकाचा भाऊ भेटला. त्याने भावाच्या तब्येतीची चौकशी केली नाही, जामीन कधी होईल हेही विचारलं नाही. पहिला प्रश्न : ‘टीप कुणी दिली?’ त्याच्याबरोबरचा पोरगा म्हणाला, ‘भेटेल तो. जातो कुठं.’ ‘आता गेला असंल गावाला.’ ‘गाव पण आपलंच हाय ना.’

अठरा-एकोणीस वर्षांचं पोर ते. बोलण्याची ढब थेट सिनेमातली. १९९८ला ‘सत्या’ आला, आणि गल्लीतली भाषा पडद्यावर गेली. तेव्हापासून पडद्यावरची भाषा गल्लीत परत येत राहिली आहे. आता कोण कुणाची नक्कल करतं, सांगणं कठीण. पण ‘भेटेल तो’ हे काही त्याने पडद्यावरून उचललेलं नव्हतं.

टोळीत ज्याला गद्दार म्हणतात, त्याला कोर्टात दोन नावं आहेत. गुन्ह्यात सामील होता आणि सगळं सांगायच्या अटीवर ज्याला क्षमा मिळाली, तो ‘माफीचा साक्षीदार’. सरकारच्या बाजूने उभा राहिला आणि पिंजऱ्यात शब्द फिरवला, तो ‘फितूर साक्षीदार’. बघा, एकाने टोळीचा विश्वास मोडला, दुसऱ्याने सरकारचा. कोर्टाच्या भाषेत फितूर फक्त दुसरा. शिवकाळापासून चालत आलेला, किल्ले पाडणारा हा शब्द आज सत्र न्यायालयात रोज वापरला जातो, आणि बहुतेक वेळा घाबरलेल्या एखाद्या दुकानदाराला लागतो.

माफीच्या साक्षीदारावर कायद्याचाही भरवसा नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. जुन्या पुरावा अधिनियमाचं कलम १३३ म्हणायचं, साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देता येते. कलम ११४च्या उदाहरणात त्याच कायद्याने सुचवलं होतं की, साथीदार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालयाने धरून चालावं, त्याच्या बोलण्याला दुसरा आधार शोधावा. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्या साहेबालाही डबल ढोलकी ठाऊक होती, नाव फक्त वेगळं होतं. तरीही मोठे खटले अशाच माणसांवर उभे राहतात. १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात माफीचे साक्षीदार होते. २६/११च्या प्रकरणात डेव्हिड हेडलीला मुंबईच्या न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ला माफीचा साक्षीदार केलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याने अमेरिकेच्या तुरुंगातून व्हिडिओवर साक्ष दिली. हेडली आयुष्यभर दोन-तीन ढोलक्या एकदम वाजवत आलेला माणूस. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा तो खबरी होता, हे त्यातलं कळसाचं.

दुपारी ४.००

जेवण. पाव-भाजी, उभ्या उभ्या.

दुपारी ४.४०

फोन वाजला. दूधवाला. ‘मस्जिदच्या पुलावर या. पंधरा मिनिटं.’

मस्जिद बंदर स्टेशनचा पूल ही भेटायची उत्तम जागा. हातगाड्या, हमाल, गोणी, धक्के. दोन माणसं पाच मिनिटं कठड्याला टेकून उभी राहिली तर कुणाचं लक्षही जात नाही. तो आला तो कपाळावरचा घाम पुसत. नेहमी आधी सिगरेट मागतो, आज मागितली नाही.

‘साहेब, ते आजचं. दोन घोडे, तीन पोरं. लिहिताय?’

‘लिहितोय.’

‘ते जुन्या माणसाचं नका टाकू.’

मी काही बोललो नाही. त्याच्याकडे बघितलं. तो खाली रुळांकडे बघत होता. अधिकाऱ्यांच्या तोंडचं ते वाक्य निघून पाच तास झाले होते, आणि ते पुलापर्यंत पोहोचलं होतं. कुणाच्या वहीतून, कुणाच्या फोनवरून, काय माहीत.

‘तू होतास का, विचारत नाही,’ मी म्हटलं.

‘विचारू पण नका.’ मग जरा वेळाने, ‘माझं रिलेशन आहे साहेबांशी. एवढंच.’

रिलेशन. कुठल्याही खबऱ्याला विचारा, तो स्वतःला कधी खबरी म्हणणार नाही. त्याचं साहेबांशी ‘रिलेशन’ असतं, किंवा तो साहेबांची ‘मदत’ करतो. बाकीचे ते खबरी. आपल्या धंद्यातला शब्द माणूस नेहमी दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. आम्हीही प्रेसनोट छापणाऱ्या शेजाऱ्याला ‘पोलिसांचा माणूस’ म्हणतो, स्वतःच्या बाबतीत ‘सोर्स’ म्हणतो.

का सांगितलं असेल त्याने? पैशासाठी? त्यातले किती हातात येतात ते मेजरांनी सांगितलंच. जुना हिशेब असेल. मुलगा मोठा होतोय, त्याच पोरांबरोबर नाक्यावर दिसायला लागलाय, असं मागे एकदा बोलला होता. किंवा स्वतःवरची एखादी केस हलकी करून घ्यायची असेल. या चारही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. सिनेमात गद्दाराला एकच कारण असतं. बाहेर असं नीट एकच कारण असलेला मला तरी कुणी भेटलेला नाही.

‘बाकीचे छापतील त्याचं काय?’ मी विचारलं.

‘बाकीचे इंग्लिशमध्ये छापतात. पोरं मराठी वाचतात.’

संध्याकाळी ६.३०

ऑफिस. कपाटात जे. डे यांची दोन पुस्तकं आहेत. एक ‘खल्लास’, अंडरवर्ल्डच्या बोलीचा अकारविल्हे कोश म्हणावा असं. दुसरं २०१०चं ‘झिरो डायल’, ते सगळं खबऱ्यांच्या जगावर. मुंबईच्या इंग्रजी पत्रकारितेत खबऱ्यांचं जाळं त्यांच्याइतकं क्वचितच कुणाचं असेल. ११ जून २०११च्या भर दुपारी पवईत मोटारसायकलवरून जाताना त्यांना गोळ्या घातल्या. २ मे २०१८ला विशेष मोक्का न्यायालयाने गँगस्टर छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली. डे आपल्याविरुद्ध लिहितात, दुसऱ्या बाजूला मिळालेत, असा राजनचा समज होता, असं सरकार पक्षाचं म्हणणं. म्हणजे ज्या शब्दांचा कोश त्यांनी केला, त्यातलाच एक त्यांच्यावर चिकटवला गेला. शब्द खरा की खोटा हे तपासायची पद्धत त्या जगात नाही. लागला की लागला.

या कोशातले काही शब्द आता इतके सोवळे झालेत की मजा वाटते. ऑगस्ट २०२२मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ची घोषणा दिली. त्याच काळात ‘गद्दार’ही राजकीय शब्द झाला. दोन्ही शब्द गणपतीच्या देखाव्यांपर्यंत पोहोचले. खंडणीच्या फोनवरचा खोका आणि पक्षांतरातला खोका यांत आता आमच्या डेस्कवरही कुणी फरक करत नाही. राजकारणात गद्दार म्हटल्याने माणूस पुन्हा निवडून येऊ शकतो. नाक्यावर तशी सोय नाही, म्हणून तो शब्द दोन्हीकडे एकाच भावात विकला जातो तेव्हा मला खटकतं.

बातमी लिहिली. अडीचशे शब्द. तीन अटकेत, दोन पिस्तुलं, कोठडी. चौथ्या ओळीत : मिळालेल्या गुप्त माहितीच्या आधारे.

रात्री ८.१५

डाक आवृत्तीची गडबड. उपसंपादक हुशार मुलगी आहे, नगरहून आलेली, वाचन दांडगं. तिने स्क्रीनवरून मान वर न करता हाक मारली.

‘सर, बाकीच्या चॅनेलांवर चाललंय की त्यांच्याच जुन्या साथीदाराने टीप दिली. आपल्या कॉपीत नाहीये.’

‘नाहीये.’

‘पण तीच तर बातमी आहे ना? नाहीतर हे रोजचंच. मी हेडिंग काढलंय बघा.’

बघितलं. ‘जुन्या साथीदारानेच केला घात!’ उद्गारचिन्हासकट. हेडिंग म्हणून उत्तम. ‘घात’ या शब्दाला मराठीत किती धार आहे! विश्वासघातही त्यात आला, घातपातही आला. पण पोलिसांना पिस्तुलांची माहिती देणाऱ्या माणसाने घात कुणाचा केला? उद्या ती दोन पिस्तुलं कुणावर चालणार होती, त्याचा तर जीव वाचवला. आपण मात्र नकळत टोळीच्या बाजूने हेडिंग देतोय. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बरोबर नेम धरला.

‘मग “जुन्या साथीदाराच्या मदतीने” करू. घात काढते.’

‘साथीदारही काढ.’

‘सर, ते खरं आहे ना पण?’

खरं आहे. अडचण तीच आहे. खोटं असतं तर काढायला कारण शोधावं लागलं नसतं. मी तिला दुपारच्या पॅसेजमधलं संभाषण सांगितलं, गावही आपलंच असल्याचं. पुलाबद्दल बोललो नाही. तिच्यावर विश्वास नाही असं नव्हे, पण पुलावरची गोष्ट माझ्या मालकीची नव्हती.

वृत्तसंपादक मधे पडले. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा : चॅनेलांवर आलंच आहे, आपण लपवून काय साधणार? साधणार एवढंच, की चॅनेलची पट्टी दहा सेकंदांत पुढे सरकते आणि पेपर कापून खिशात ठेवता येतो. कोठडीतून सुटून आलेला माणूस कात्रण काढून दाखवतो, ‘हे बघ, छापलंय.’ असं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं मी पाहिलं आहे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, पण ती साक्षीदारांसाठी. जो कोर्टात कधी उभाच राहणार नाही, त्या झिरोला कुठली योजना?

‘तुझ्या बायलाइनची बातमी आहे, तू ठरव,’ ते म्हणाले, आणि पहिल्या पानाकडे वळले. बातमी आतल्या पानावर, दोन कॉलमांवरून सिंगलवर आली. हेडिंग : ‘दोन पिस्तुलांसह तिघांना अटक’. इतकं सपक की मलाही वाचवेना. मुलीने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, निदान ‘सापळा रचून’ हेडिंगमध्ये घेऊ का? घे म्हटलं.

रात्री ११.४०

कर्जत लोकल, आता बसायला जागा. शहर आवृत्तीची पानं फोनवर आली होती. आमची बातमी सातव्या पानावर, तळाला, एका बिल्डरच्या जाहिरातीच्या वर. इतर दोन मराठी पेपरांनी ‘जुना साथीदार’ छापलं होतं. एकाने ‘विश्वासू साथीदार’ केलं होतं. कुणीतरी आणखी एका फोनवरून खात्री करून घेतली असणार. तीन-चारातला एक आता दोनातला एक झाला.

घाटकोपरला दूधवाल्याचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज, कुठल्यातरी हायवेवर असावा.

‘तुमचं बघितलं. दुसऱ्यांचं पण बघितलं.’

‘कुठे आहेस?’

‘ते जाऊ द्या.’ थोडा थांबला. ‘साहेब, एक काम होतं. ते जे दोन वर्षांपासून आत आहेत ना, मोठे. त्यांच्या जामिनाची तारीख लागलीये म्हणे. कधीची?’

प्रश्न साधा होता. तारीख कोर्टाच्या बोर्डावर असते, संकेतस्थळावर असते, कुणालाही दिसते. ती मला तोंडपाठ होती, गेल्याच आठवड्यात मी वहीत लिहून ठेवली होती. पण कुणीतरी बाहेर येणार आहे, आणि कधी येणार आहे, हे याला आज रात्री हायवेवरून का हवंय? पळायला किती दिवस आहेत ते मोजायचं असेल. किंवा दुसऱ्या कुणाला कळवायचं असेल. पलटीनंतर पुन्हा पलटी मारता येते, जुन्या मालकाकडे खबर घेऊन परत जाता येतं. तो माझ्याकडून घेत होता तीही टीपच होती.

‘माहीत नाही रे,’ मी म्हटलं. ‘उद्या कोर्टात बघतो.’

‘गोळी देताय साहेब,’ तो म्हणाला. रागावला नव्हता. मग त्याची गाडी सुटत होती म्हणून त्याने फोन ठेवला.